समईच्या वातीचा संताप

देवघरातली भांडीकुंडी एकमेकांशी बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. एका संध्याकाळी सडपातळ उदबत्तीने समईला टोमणा मारला, "किती गं तेल पितेस! मी बघ, थेंबालाही शिवत नाही."

समईच्या ते मनाला लागलं. तेल घालायला आलेल्या पळीला तिने थेंबावरच थांबवलं. ज्योत तरीही तेवत राहिली.

"बघ, जमलं की नाही!" उदबत्ती म्हणाली.

"जमलं डोंबल तुझं!" अर्धी काळी पडलेली वात कडाडली. "तेल नाही, म्हणून ज्योत मला खातेय!"

एव्हाना उदबत्तीच्या जागी राखेची रेघ पडली होती.

"बघितलीस तुझी गुरू?" वात समईवर खेकसली. "आता तरी पळीला हाक मार, मी थोडी उरलेय तोवर!"