पंख्याचा वार

फार जुनी गोष्ट. खंडेनवमीला हैबती वस्तादांनी तालमीतली शस्त्रं पूजेला मांडली, तेव्हा घाईघाईत त्यांचा ताडाचा पंखाही त्यांतच मांडला गेला. त्यालाही हळदकुंकू लागलं, झेंडूचं फूल मिळालं.

पंखा गोंधळला. "पट्टेदादा, मी शस्त्र आहे का हो?"

"कुंकू लागलंय ना? मग आहेस," दांडपट्टा गुरकावला. "उद्यापासून शिकायला ये."

पंखा रोज जीव तोडून लाठीवर वार करी. लाठी डोळे मिटून म्हणे, "बरं वाटतंय रे, आणखी एक घाल."

"ह्याला वार म्हणतात?" पट्टा खेकसे. पंख्याला काही कळेना. वार तर शिकवला तसाच केला होता!

एका दुपारी मारुतीपुढच्या धुपाटण्यातली ठिणगी उडून गवताच्या पेंढीवर पडली. "सापडला शत्रू!" म्हणत पंख्याने सगळं बळ एकवटून वार केला. ठिणगीचा जाळ झाला आणि निम्मी तालीम जळाली.

पुढच्या खंडेनवमीला पट्टा आपणहून बाजूला सरकला. "या पंखेराव, इथे बसा. आता तुम्ही आमच्यातले."

पुन्हा कुंकू लागलं. झेंडूच्या फुलाखाली पंखा पडून होता. आपण नेमकं कुणाला हरवलं, हे त्याला अजून उमगत नव्हतं.