बिनदाराचे नाटकघर

चिचटोलीच्या नाटकघराला दार नाही. चौकट आहे, उंबरठा आहे, बिजागऱ्यांची भोकेही दिसतात. पण दार कोणी बसवत नाही. पाहुण्यांनी विचारले, की म्हातारे झिबलजी कापगते त्याच उंबरठ्यावर टेकतात आणि सांगू लागतात.

इथे पूर्वी धानाची गिरणी होती म्हणे. सात बाया आत धान उकडत. तांदूळ बाहेर जाऊ नये म्हणून मालक बाहेरून कडी घाली. एका सकाळी बॉयलर फुटला. कडी काढायला माणूस धावला, तोवर आतला आरडाओरडा थांबला होता. त्या सातजणींत गया होती. तिची लेक वत्सला तेव्हा सहा वर्षांची.

गिरणी बंद पडली. वत्सला वाढली, नाटकात गेली, साऱ्या झाडीपट्टीत तिचे नाव झाले. पुढे तिच्या मंडळाचे मालक हिरामण लांजेवार यांनी ती पडीक इमारत घेतली, बॉयलरच्या खड्ड्यावर रंगमंच बांधला, सागवानी दार लावले. वत्सलाने हरकत घेतली नाही. इतक्या वर्षांनी तिथे काय उरले असेल, असे तिला वाटले.

तालमीच्या पहिल्याच दुपारी दार लोटले आणि हवा दमट झाली. उकडलेल्या धानाचा वास सुटला. मग दारावर थापा पडू लागल्या, आतल्या बाजूने. दाराजवळ तर कोणीच नव्हते! नट मागच्या खिडकीतून पळाले. वत्सला मात्र दाराशी गेली. कोरड्या लाकडावर, गुडघ्याच्या उंचीला, ओले पंजे उमटले होते. त्यांतल्या एकाला करंगळी नव्हती. गयाची करंगळी गिरणीच्या पट्ट्यात गेली होती.

वत्सला खाली बसली. तिने त्या पंजावर आपला हात ठेवला. लाकूड गरम होते.

"दार काढा जी," बाहेर येऊन ती हिरामणना म्हणाली.

"बाई, बिनदाराचं नाटकघर असते का कुठं? गुरं शिरतील."

"शिरू द्या. हे दार राहिलं तर मी या रंगमंचावर पाय ठेवणार नाही."

दार निघाले. पहिला प्रयोग भर दुपारी लावला, कारण अंधार पडल्यावर गावातले कोणी फिरकले नसते. नाटक संपले आणि पुन्हा तोच वास आला. रंगमंचाच्या फळ्यांवर ओली पावले उमटली, खाली उतरली, लोकांमधल्या वाटेने बाहेर निघाली. माणसे जागच्या जागी थिजली. वत्सला मोजत होती. सहाजणी उंबरठा ओलांडून गेल्या. सातवी बाहेर पडलीच नाही.

"माझ्या मायनं माझं नाटक कधी पाहिलं नव्हतं," एवढेच ती नंतर म्हणाली, असे सांगतात. मग म्हातारपणापर्यंत ती तिथेच काम करत राहिली.

आजही तिथे नाटक संपले की लोक लगेच उठत नाहीत. मधली वाट मोकळी सोडून गप्प बसून राहतात. बऱ्याच वेळाने हळूच निघतात. सातवी अजून गेलेली नाही, म्हणे.