लिंबाजी अणुभट्टीला वाढतो

एका गावात एक भोळा माणूस होता, लिंबाजी नावाचा, आणि त्याच गावच्या माळावर एक विद्यापीठ होतं. दोघांचं एकमेकांवाचून अगदी नीट चाललं होतं. पण कौसाला ते बघवलं नाही.

कौसा म्हणजे लिंबाजीची बायको. दोघं तिच्या भावाच्या घरी राहायची. भावाचं काही म्हणणं नव्हतं, कारण भावाला काही म्हणायची मुभाच नव्हती. म्हणायचं ते सगळं वहिनी म्हणायची. "जावईबापूंना अजून एक भाकरी द्या गं, सकाळपासून बसून बसून दमलेत!" असं म्हणायची आणि भाकरी अशी आदळायची की ताट वाजायचं. कौसाला एकच ध्यास. आपली वेगळी चूल हवी. मग तिच्यावर नुसतं पाणी उकळलं तरी चालेल.

विद्यापीठात एक अणुभट्टी होती. लहानशीच, मुलांना शिकायला. नावाची भट्टी, ना धूर, ना जाळ. विहिरीसारखी खोल टाकी, तिच्यात काचेसारखं नितळ पाणी आणि तळाशी निळा उजेड. वरून दांडे सोडलेले. दांडे वर ओढले की भट्टी पेटायची, खाली सोडले की विझायची. तिथल्या मुख्य उपासनी मॅडम. त्यांना झाडलोटीला आणि हाताखाली एक माणूस हवा होता. कौसानं लिंबाजीला न्हाऊमाखू घातलं आणि माळावर पाठवलं.

मॅडम म्हणाल्या, "सध्या तात्पुरता ठेवते. लवकरच वरून तपासणीचे साहेब येणार आहेत. तोवर नीट काम केलंस, तर तुला कायम करू. कायम झालास की क्वार्टर मिळेल. दोन खोल्या, पुढं ओटा."

"आणि चूल?"

"चूल तुमची तुम्ही मांडा."

लिंबाजी खूश झाला. तो आळशी नव्हता. कामचुकारही नव्हता. एकदा ऐकलेलं तो कधी विसरत नसे. तीच तर पंचाईत होती.

पहिल्याच दिवशी तो झाडू घेऊन टाकीवरच्या पुलावर चढला. खाली निळा उजेड बघितला. आणखी नीट बघावा म्हणून वाकला. डोक्यावरची टोपी सुटली आणि डुबुक! मॅडम धावत आल्या. लांब दांड्याचा चिमटा आणला, तासभर खटपट केली, तेव्हा कुठं टोपी वर आली.

"लिंबाजी, अरे, या पाण्यात केससुद्धा पडलेला चालत नाही! इथं पक्कड असो नाहीतर पेन असो, जे जे बरोबर न्यायचं, ते दोरीनं कमरेला बांधून न्यायचं. म्हणजे हातातून सुटलं तरी पडत नाही. समजलं?"

"एवढंच ना?" लिंबाजी म्हणाला. "आधी सांगायचं की."

घरी आला, तर वहिनीची आई परत आपल्या गावाला निघालेली. वहिनी म्हणाली, "जावईबापू, आमच्या आईला तेवढं एस्टीपर्यंत बरोबर न्या. जपून न्या हो, पडायची."

बरोबर न्यायचं. पडायला नको. लिंबाजीनं मुकाट्यानं दोरी आणली. एक टोक स्वतःच्या कमरेला, दुसरं म्हातारीच्या कमरेला. गाठ अशी मारली की बैलाला सुटू नये. म्हातारीला डोळ्यांनी कमी दिसायचं. तिला वाटलं, जावई पदर खोचून देतोय. "गुणाचा गं बाई," असंही म्हणाली.

स्टँडवर गाडी उभीच होती. लिंबाजीनं म्हातारीला आत चढवलं, दारापाशी बसवलं, आणि आपण खाली उतरला. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. गाडी सुटली. म्हातारी गाडीत, लिंबाजी रस्त्यावर, दोरी मधे.

लिंबाजी पळायला लागला. म्हातारी ओरडायला लागली, "अगं आई गं, मला कुणीतरी ओढतंय!" कंडक्टर खिडकीतून म्हणाला, "अहो पाव्हणं, दोरी सोडा!"

"सोडली तर पडतील ना!"

नाक्यावर गाडी थांबली, तेव्हा म्हातारी अर्धी दाराबाहेर होती, आणि लिंबाजीच्या पायात फक्त एक चप्पल होती.

संध्याकाळी वहिनीनं सगळी भांडी आपटली. कौसानं लिंबाजीला कोपऱ्यात घेतलं. "अहो, जाणाऱ्याला बांधायचं असतं होय? जाणाऱ्याच्या हातात नारळ द्यावा. वाकून नमस्कार करावा. डोळ्यांत पाणी आणून म्हणावं, लवकर परत या, घर तुमचंच आहे. अशी रीत असते."

"एवढंच ना? आधी सांगायचं की."

दुसऱ्या दिवशी भट्टीवर सरकारी गाडी आली. भट्टीचा केर असा उकिरड्यावर टाकता येत नाही. वापरलेले हातमोजे, फडकी, काय काय ते, सगळं पिंपात घालून झाकण पक्कं करायचं, आणि सरकारची गाडी ते पार लांब कुठंतरी घेऊन जाते. पिंप गाडीत चढलं. मॅडमनी कागदावर सही केली. एवढ्यात लिंबाजी आला, हातात नारळ घेऊन. त्यानं नारळ पिंपावर ठेवला. वाकून नमस्कार केला. मग पिंपाला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि गदगदून म्हणाला, "लवकर परत या. घर तुमचंच आहे."

ड्रायव्हर बावरला. "कोण, मी?"

"तुम्ही नाही. हे. तुम्ही आपले सोबतीला."

मॅडम किंचाळल्या. लिंबाजीला ओढून बाजूला घेतलं. त्याच्या अंगावरून यंत्र फिरवलं, साबणानं हात धुवायला लावले, पुन्हा यंत्र फिरवलं. यंत्र गप्प राहिलं, तेव्हा कुठं त्या खुर्चीत टेकल्या.

"लिंबाजी, असल्या गोष्टीच्या गळ्यात पडायचं नसतं रे! लांब उभं राहायचं. आपल्या आणि तिच्या मधे भिंत ठेवायची. हात लावायचा तर लांब दांड्यानं लावायचा. आणि काम झटपट उरकून निघायचं. जेवढा वेळ कमी, तेवढं बरं."

"एवढंच ना? आधी सांगायचं की."

त्याच आठवड्यात मेव्हण्याच्या पोराचं जावळ होतं. अंगणात पंगत बसली. वहिनीच्या माहेरची माणसं, मानपान, नवे फेटे. कौसानं मुद्दाम लिंबाजीला वाढायला उभं केलं. वहिनीच्या माणसांना दिसू दे, आमचा माणूस नुसता बसत नाही. आमटीचं पातेलं त्याच्या हातात दिलं आणि ती पोळ्यांकडे वळली.

लिंबाजीनं पंगतीकडं बघितलं. असल्या गोष्टीपासून लांब राहायचं. तो स्वयंपाकघरात शिरला. मधे भिंत हवी. ती होतीच, तिला खिडकीही होती. मग त्यानं पळी एका लांब बांबूला बांधली, पातेल्यात बुडवली, आणि खिडकीतून पंगतीवर सोडली.

पहिली पळी वहिनीच्या मामाच्या पानात पडली असती. पण मामा दचकून पुढं झाला. ती फेट्यात पडली.

"अहो जावई! जरा जवळ येऊन वाढा की!"

"नको मामा," लिंबाजी भिंतीआडून ओरडला. "तुमच्यापासून लांबच बरं. मॅडमनी सांगितलंय."

मग त्याला आठवलं, काम झटपट उरकायचं. बांबू गरगर फिरायला लागला. मंडळी श्लोक म्हणून हात पानाला लावेपर्यंत पातेलं रिकामं झालं होतं. पानात थोडी, अंगावर पुष्कळ. जावळाचं पोर तेवढं हसत होतं.

वहिनी मामाचा फेटा पिळायला बसली. तिचा तो पीळ बघून कौसाला भीती वाटली. तिनं लिंबाजीला गोठ्यात नेलं आणि हात जोडले.

"अहो, मी पाया पडते तुमच्या. आता ऐका. पाहुण्याला वाढताना जवळ जायचं. हसायचं. पान भरलेलं ठेवायचं. तो पुरे म्हणेल. ऐकायचं नाही. नको म्हणेल. मुळीच ऐकायचं नाही. लाजतात हो माणसं! तोंडानं नको म्हणतात आणि मनात हवं असतं. हात आडवा धरला तर समजायचं, फारच हवं आहे. जितक्या जोरात नको, तितकं जास्त वाढायचं. याला म्हणतात आग्रह."

एवढी मोठी गोष्ट लिंबाजीला आजवर कुणीच सांगितली नव्हती. "म्हणजे नको म्हणजे हो?"

"तेच तर सांगतेय."

"एवढंच ना? आधी सांगायचं की."

आणि तपासणीचा दिवस उजाडला. कौसानं देवापुढं दिवा लावला. "आज नुसतं सांगतील तेवढं करा. आज आपली चूल ठरायची आहे."

तपासणीचे साहेब आले. उंच, कडक इस्त्रीचे, चकचकीत बुटांचे. सगळं बघितलं, सगळं विचारलं, कुठं बोट ठेवायला जागा सापडली नाही. मॅडमचा चेहरा उजळला. भट्टी चालू होती. मॅडम आणि साहेब टाकीवरच्या पुलावर उभे होते, आणि लिंबाजी खाली नळापाशी.

टाकीचं पाणी हवेत थोडं थोडं उडून जातं, म्हणून अधूनमधून भर घालावी लागते. मॅडम वरून म्हणाल्या, "लिंबाजी, पाणी चार बोटं उतरलंय. नळ सोड. मी पुरे म्हटलं की बंद कर."

लिंबाजीनं नळ सोडला. पाणी चढलं.

"पुरे," मॅडम म्हणाल्या.

लिंबाजी हसला. "एवढ्यातच? काहीतरीच मॅडम." आणि नळ आणखी एक पीळ उघडला.

"अरे, पुरे!"

"लाजू नका. आपलंच आहे."

"लिंबाजी, नको! नको म्हणते ना!"

आणखी एक पीळ. पाणी काठाला आलं. साहेब कठड्यावरून वाकले आणि हात आडवा धरून ओरडले, "बास! बास करा!"

हात आडवा! लिंबाजीला भरून आलं. "साहेब, पहिल्यांदाच आलात. तुम्हाला माझी शपथ आहे. एवढं घ्यावंच लागेल." आणि त्यानं नळ उघडेल तेवढा उघडला.

पाणी काठावरून खाली आलं. भोंगा वाजला. दांडे खटाखट खाली बसले आणि भट्टी आपसूक विझली. त्या खोलीत तेवढी तीच एक शहाणी होती. मॅडम जिना उतरून धावल्या, त्यांनी स्वतः नळ बंद केला. साहेब मागून उतरले ते घोट्याएवढ्या पाण्यात. चकचकीत बुटांतून चुळुक चुळुक आवाज यायला लागला.

पाणी तपासलं. ते नितळ निघालं. कुणाला काही इजा झाली नाही. साहेबांनी एक बूट काढून उपडा केला आणि म्हणाले, "बाई, भट्टी चांगली आहे. गडबड झाली तशी आपण होऊन थांबली. तुम्हाला परवानगी देतो. पण हा माणूस?" त्यांनी लिंबाजीकडं बघितलं. "हा नको. अजिबात नको. काही झालं तरी हा इथं नको!"

मॅडम म्हणाल्या, "नाही साहेब. ठेवणारच नाही."

लिंबाजी शेजारीच उभा होता. त्यानं प्रत्येक 'नको' नीट ऐकलं. पहिलं हळू होतं. दुसरं मोठं. तिसऱ्याला तर साहेबांच्या मानेची शीर फुगली होती. एवढा जोर तर नळापाशी मॅडमच्या 'नको'लाही नव्हता. तो झाडू टाकून घराकडं पळत सुटला.

"कौसे! कायम झालो!"

"खरं?"

"साहेब स्वतः म्हणाले. मॅडमसमोर."

कौसानं पुढचं काही विचारलं नाही. ती उठली, पदर खोचला, आणि वहिनीसमोर जाऊन उभी राहिली. लग्न झाल्यापासून गिळलेलं सगळं तिनं त्या दिवशी बाहेर काढलं. आदळलेल्या भाकऱ्या काढल्या. ती दोघं जेवायला बसली की वहिनी मुद्दाम बारीक करायची, तो दिवा काढला. माहेरच्या मामाचा फेटासुद्धा सोडला नाही. "चांगली झाली आमटी! अजून पातेलंभर ओतायला हवी होती!" शेजारच्या बाया कुंपणाला लटकून ऐकत होत्या. शेवटी म्हणाली, "पुन्हा या उंबऱ्याला पाय लावला तर नावाची कौसा नाही."

वहिनी म्हणाली, "बरं झालं." आणि दोघांच्या खोलीत लगेच कडब्याच्या पेंढ्या रचायला लागली. मेव्हण्यानं बैलगाडी जुंपली. इतक्या आनंदानं त्यानं ती कौसाच्या लग्नातही जुंपली नव्हती.

ट्रंक, वळकट्या, पाटा-वरवंटा आणि सगळ्यात वर कौसानं आपल्या हातानं थापलेली नवी चूल, असा सगळा संसार माळावर पोचला. क्वार्टरला कुलूप होतं. पुढं ओटा होता, अगदी सांगितला तसा. कौसा त्याच्यावरून हात फिरवत होती, तेवढ्यात मॅडम घरी जाता जाता थांबल्या.

"लिंबाजी, हे काय?"

"राहायला आलो, मॅडम."

"राहायला? अरे, साहेब काय म्हणाले, ते ऐकलं नाहीस?"

"ऐकलं की. नको म्हणाले."

कौसाचा हात ओट्यावरच थांबला. "काय म्हणाले?"

"नको म्हणाले. अजिबात नको, असंसुद्धा म्हणाले. ओरडून म्हणाले गं!" लिंबाजी तिच्याकडं बघून हसला. "तूच तर शिकवलंस."

कौसा मटकन ओट्यावर बसली. मागं गावाकडं बघितलं. गाडी सोडून मेव्हणा केव्हाच पसार झाला होता.

मॅडमनी कपाळाला हात लावला. मग दोन्ही हात जोडले आणि अगदी काकुळतीला येऊन म्हणाल्या, "लिंबाजी, मी तुझ्या पाया पडते. नको रे बाबा! नको, नको, नको!"

लिंबाजीचा चेहरा फुलला. त्यानं गाडीवरची चूल उचलून खांद्यावर घेतली.

"कौसे, ऐकलंस ना? ऊठ, उतरव सामान. आता तर पाया पडून आग्रह करतायत!"