जांभळाखालची गर्दी

एका डोंगराच्या पायथ्याशी दाट रान होते आणि त्या रानातल्या एका जुन्या झाडाच्या ढोलीत एक खार आपल्या पिल्लांना घेऊन राहत असे. खार म्हटली की तुम्हाला आठवते तिची झुबकेदार शेपटी आणि तुरुतुरु पळणे. किती मजेत आहे, असेच वाटते ना? मुलांनो, ते लांबून पाहणाऱ्याला वाटते! ती बिचारी पळत असे, कारण पळाली नाही तर पिल्लांच्या तोंडात घास पडत नसे. त्यातून त्या वर्षी तिचे हक्काचे चारोळीचे झाड गेले. हत्तीला पाठ खाजवायची होती, त्याने खाजवता खाजवता ते मुळासकट आडवे केले आणि "अरेच्चा, पडले वाटते!" एवढे म्हणून तो पुढे चालू लागला. उरल्यासुरल्या चारोळ्या खारीने वेचून ढोलीत नेल्या. पुरवून पुरवून खाल्ल्या, तर पावसाळ्यापर्यंत पिल्ले तगतील एवढाच तो साठा होता.

त्या रानात एक तळे होते आणि तळ्याची एक रीत होती. दर उन्हाळ्यात तळ्यात गाळ साचे. तो उपसायला रानडुकरे येत. मुसंड्या मारमारून ती गाळ बाहेर काढत. त्या दिवसांत त्यांना चरायला सवड नसे, म्हणून त्यांचे जेवण सगळ्या रानाने मिळून द्यायचे. मग कुणी किती द्यायचे? त्यासाठी तळ्याकाठची तीन झाडे नेमलेली होती. भरल्या घरच्यांनी वडाखाली उभे राहायचे आणि मोठा भार उचलायचा. बेताच्या परिस्थितीतल्यांनी जांभळाखाली उभे राहून एक टोपली द्यायची. आणि ज्यांची ओढगस्त आहे त्यांनी बोरीखाली जायचे. त्यांनी काही द्यायचे नाही, उलट रानडुकरांच्या पंगतीला येऊन बसायचे. कोण कुठल्या झाडाखाली, हे ज्याचे त्याने ठरवायचे. ज्या पूर्वजांनी ही रीत घातली, त्यांना वाटले असावे की खोटे बोलताना प्रत्येकाला थोडी तरी लाज वाटेल. भोळे होते हो बिचारे!

त्या वर्षी सगळे जमले. एरवी रोज दुपारी वडाच्या सावलीत डुलक्या काढणारा हत्ती त्या दिवशी वडाकडे बघेना. तो थेट जांभळाखाली जाऊन उभा राहिला. "हत्तीदादा, तुम्ही इथे?" कुणीतरी विचारले. त्याने केवढा मोठा सुस्कारा सोडला! "अरे बाबा, माझे तोंड मोठे, म्हणून तुम्हाला वाटते माझे सगळेच मोठे. दिवसभर सोंड चालवतो तेव्हा कुठे पोटाला आधार मिळतो. श्रीमंत बघायचे असतील तर डोंगरापलीकडे जा. तिथे माझ्या मावसभावांना आख्खे बांबूचे बन आहे! त्यांच्यापुढे आम्ही कोण? आम्ही आपले बेताचेच." त्याच्या शेजारी गवा येऊन उभा राहिला. तो म्हणाला, "माझे कुरण केवढे? हत्तीदादांच्या एका फेरीत संपेल. मीही बेताचाच." मग अस्वल आले. मधाची पोळी चाटून त्याचे ओठ अजून चिकट होते. "गवादादांसारखे कुरण असते तर गोष्ट वेगळी होती," असे पुटपुटत तेही जांभळाखाली घुसले. प्रत्येकाची मान वर, आपल्याहून मोठ्याकडे. खाली कोण उभे आहे हे बघायला मान वळते कुणाची?

खार मात्र बोरीकडे निघाली होती. तेवढ्यात तिची शेजारीण साळुंकी तिला आडवी आली. "अगंबाई, तू आणि बोरीखाली? लोक काय म्हणतील! तुला ढोली आहे, रोजचे खाऊन-पिऊन आहेस. बोरीखाली ती लंगडी टिटवी उभी राहते. आपण काय तसे आहोत?" खारीचे पाऊल अडखळले. खरेच की, आपण काही मागतकरी नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! ती मुकाट्याने जांभळाखाली गेली. आणि काय सांगू, तिथे उंदीर होता, घूस होती, होला होता, स्वतः साळुंकीही होती. सगळ्यांची पोटे खपाटीला गेलेली, आणि सगळे एकमेकांना हसून सांगत होते, "बरे चालले आहे हो, बेताचे आहे पण बरे आहे." एवढेच काय, ती लंगडी टिटवीसुद्धा जांभळाच्या बुंध्याशी अंग चोरून उभी होती. वडाखाली कुणी नव्हते आणि बोरीखालीही कुणी नव्हते.

कारभार कोल्ह्याकडे होता. तो एका दगडावर चढला आणि त्याने आनंदाने शेपटी फुगवली. "वा वा! आपल्या रानात कुणी श्रीमंत नाही आणि कुणी गरीबही नाही! सगळे सारखे! आता वडाखाली कुणीच नाही म्हटल्यावर वडाचा भारही जांभळाखालच्यांनीच सारखा वाटून घ्यायचा. प्रत्येकाने दोन टोपल्या द्याव्यात. सर्वांना समान न्याय." "न्याय म्हणजे न्याय," हत्ती गंभीरपणे म्हणाला. बोलता बोलताच त्याने डोक्यावरची, फळे असलेली शेवटची फांदी ओढली, दोन्ही टोपल्या जांभळांनी भरल्या आणि उरलेली फांदी तोंडात घातली. झाले, सुटला तो! मला तर हे सांगतानासुद्धा संताप येतो.

कोल्हा टोपल्या घेऊन खारीपुढे आला. खारीने टोपलीत डोकावून पाहिले. तिची आख्खी ढोली रिकामी केली असती, तरी त्यातली एकही टोपली भरली नसती. पिल्लांची चिमुकली उघडी तोंडे तिच्या डोळ्यांपुढे आली. "कोल्होबा," ती हळूच म्हणाली, "एवढे माझ्याकडे नाही हो."

"नाही कसे?" कोल्हा डोळे मिचकावत म्हणाला. "मी आज सकाळीच तुझ्या ढोलीत डोकावून आलो. काठोकाठ भरली आहे की!" आपले ठेवायचे झाकून आणि दुसऱ्याचे पाहायचे वाकून, अशी त्याची जातच. तो सगळ्यांकडे वळला. "मंडळी, खरे तर ही वडाखाली उभी राहायला हवी! रानात दुसऱ्या कुणाच्या घरात साठा आहे? हत्तीदादांकडे बघा. त्यांच्या घरात एक दाणा नाही. घरात काय, त्यांना तर घरच नाही! बिचारे उघड्यावर झोपतात."

"अरेरे!" सगळे हळहळले. होल्याच्या तर डोळ्यांत पाणी आले. हत्तीनेही कान पाडले आणि आपल्यालाच आपली कीव यावी तसे तोंड केले.

मग मात्र खारीची नखशिखान्त आग झाली. "बास!" ती ओरडली. एवढ्याशा खारीच्या गळ्यातून एवढा आवाज निघेल असे कुणाला वाटले नव्हते. "साठा दिसला तुम्हाला? तो का केला ते विचारलेत? उद्या मिळेल याचा भरवसा नाही, म्हणून मी आज पोटाला चिमटा घेऊन ठेवते. हत्तीदादांना साठा कशाला हवा? हे सगळे रानच त्यांची ढोली आहे! सोंड लावतील ती फांदी त्यांची, पाठ घासतील ते झाड त्यांचे. आणि घर नाही म्हणून हळहळता? त्यांना घराबाहेर काढील असा कोण जन्मलाय? माझी पिल्ले पावसाळ्यापर्यंत जगायची आहेत, त्या दाण्यांना हात लावाल तर याद राखा!"

"पण तू तर बेताची म्हणून उभी राहिलीस ना?" कोल्ह्याने खवचटपणे विचारले.

खार त्याच्याकडे वळली. "हो, राहिले उभी. लाजेने राहिले. माझेच चुकले." एवढे बोलून ती गर्दीतून बाहेर पडली आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बोरीखाली जाऊन बसली. पायांत काटे रुतले तरी ती हलली नाही. "माझी ओढगस्त आहे," ती मोठ्याने म्हणाली. "मी चोरी केलेली नाही. मग मी का लपू?"

मग लंगडी टिटवी बुंध्यापासून निघाली आणि लंगडत बोरीखाली आली. तिच्या पाठोपाठ उंदीर आला, घूस आली. होल्याने डोळे पुसले आणि तोही उडत आला. सगळ्यांत शेवटी साळुंकी आली. "मी नुसती तुझ्या सोबतीला आले हो," असे तिने सांगितले खरे, पण येताच तिने विचारले, "पंगत केव्हा बसणार आहे?"

आणि इकडे जांभळाखाली काय झाले! लहान सगळे निघून गेले, तशी तिथे उरली तीनच थोराड धुडे: हत्ती, गवा आणि अस्वल. इतका वेळ या लहानग्यांच्या गर्दीत ती खपून गेली होती. आता झाडाखाली ती तिघेच अशी दिसू लागली की आंधळ्यालाही कळावे. तिघांनी एकमेकांच्या पोटाकडे पाहिले आणि तिघांनीही नजर चोरली.

तळ्याच्या कडेला रानडुकरांची म्हातारी म्होरकी बसली होती. ती खदाखदा हसली. "हे तुमच्या रानातले बेताचे का? मग भरल्या घरचे कसे असतात, ते एकदा बघायलाच हवेत!"

"आम्हाला हिणवतेस?" हत्ती चवताळला. "आम्ही आमच्या कष्टाचे खातो!"

"कष्ट? खार काय कमी कष्ट करते?" म्हातारी शांतपणे म्हणाली. "हे बघ बाबा, पिल्लांच्या तोंडचे काढून आणलेले माझी डुकरे खाणार नाहीत. वडाखाली कुणी उभे राहत नसेल, तर आम्ही निघालो. गाळ तुझा तू काढ. नाही तरी तळ्याचे पाणी सगळ्यांत जास्त पितो कोण?"

डुकरे खरोखरच उठली आणि पाठ फिरवून चालू लागली. हत्तीने गाळाने भरलेल्या तळ्याकडे पाहिले. मग अंगावर मोठा अन्याय होत असल्यासारखा चेहरा करून तो एकेक पाऊल टाकत वडाखाली गेला. मागोमाग गवा गेला आणि कुरकुरत अस्वलही गेले. त्या दिवशी रानात फळांची, कंदांची, मधाच्या पोळ्यांची रास पडली. आणि गंमत ऐका, एवढे देऊनही त्या तिघांपैकी एकही रात्री उपाशी झोपला नाही.

पंगत बसली, तेव्हा हत्तीने सोंडेने थोडी फळे खारीपुढे ढकलली. "घे बाई, घे," तो उदार स्वरात म्हणाला. "आमचे दान समज."

खारीने फळे पिल्लांसाठी गोळा केली आणि मान वर करून त्याच्या डोळ्यांत पाहिले. "दान नव्हे, हत्तीदादा," ती म्हणाली. "हा तुमचा वाटा आहे. तोच आज तुम्ही आमच्याकडून भरून घेत होतात."

तात्पर्य : उपाशी पोट लाजेने "बरे चालले आहे" म्हणते, तोवर तुडुंब पोटाला "आमचे आपले बेताचेच" म्हणून लपायला जागा मिळते.