ओतारणीची तुळई

या गोष्टीला पुष्कळ वर्षं लोटली. डोंगरातल्या एका राज्यात मोठी भट्टी होती. तिच्या छपराखाली ओतीव पोलादाची एक तुळई आडवी बसवलेली असे आणि त्या तुळईवर वितळलेल्या धातूच्या उकळत्या रसाची कढई. एकदा ही तुळई ऐन कामात तडकली आणि खाली उभे असलेले दोघे जण जिवानिशी गेले.

नवी तुळई ओतायचं काम एका ओतारणीकडे आलं. तिचा धाकटा भाऊ त्याच भट्टीवर कामाला होता. तिला त्याचीच काळजी होती.

तुळई तयार झाली. प्रधानजींनी तिच्यावर कानस घासून पाहिली. ओरखडासुद्धा उठला नाही.

"झकास. उद्याच बसवा," ते म्हणाले.

ओतारणीने त्याच रसाच्या तीन बारीक कांबी ओतून ठेवल्या होत्या. तिने एक ऐरणीवर धरली आणि घण घातला. काडकन दोन तुकडे झाले.

"प्रधानजी, ही नुसतीच कठीण आहे, चिवट नाही. अशी तुळई मी बसवू देणार नाही."

दुसरी कांब तिने तापवली आणि वडिलांच्या रीतीने राखेत पुरून सावकाश निवू दिली. घणाखाली तीही तुटली. "नाचता येईना, अंगण वाकडं," लोक कुजबुजले.

भाऊ म्हणाला, "अक्के, पुरे कर आता. नशिबात असेल ते होईल."

"नशिबाला कशाला मध्ये आणतोस? रीत चुकली, ती बदलू."

तिसरी कांब तिने पिवळीधमक तापवली, मोकळ्या वाऱ्यावर झटपट निववली आणि पुन्हा मंद लाल होईतो तापवली. घण बसला. कांब वाकली, पण तुटली नाही. मग अख्खी तुळई तिने याच रीतीने तापवली, निववली आणि पुन्हा तापवली.

आता मात्र कानशीचा ओरखडा उठला. प्रधानजी संतापले. "नरम करून ठेवलीस. तुटली तर?"

"तुटली तर खाली मीही असेन," ती म्हणाली आणि तुळई बसवली त्या दिवसापासून भावाशेजारी कामाला उभी राहिली.

महिन्याभरात कढई वर चढवताना साखळी निसटली. भरली कढई दाणकन तुळईवर आदळली. तुळई बोटभर वाकली आणि तशीच राहिली. बहीणभाऊ आपल्या पायांनी बाहेर आले. प्रधानजींना आपल्या बोलण्याची लाज वाटली. पुढे त्या राज्यात घणाची परीक्षा झाल्याशिवाय एकही तुळई भट्टीत गेली नाही.

तात्पर्य : कठीण असणं वेगळं आणि टिकणं वेगळं. दुसऱ्याचा जीव ज्यावर टांगलेला आहे, ते आपलं काम आपणच आधी घणाखाली धरावं.