सुटी चित्रे

चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्या एका वृद्ध चित्रकथीबुवांकडे एकदा एक तरुण शिष्य उतरल्या चेहऱ्याने आला. वर्षभर खपून त्याने संगणकासाठी एक कथा रचली होती. तिच्यातल्या शब्दावर बोट ठेवावे, तिथून नवे पान उघडावे, ज्याची त्याची वाट निराळी. इतक्या वाटा केल्यावर वाचक भरकटणार, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा? पण शिकलेल्यांना ते जरा उशिराच कळते.

"बुवा, शेवटपर्यंत कुणी पोचतच नाही. मधेच सोडून जातात," तो म्हणाला. "आज सगळी कथा पुसून टाकतो. जिवावर येतंय, पण करू काय?"

"पूस की. आधी माझं चित्रांचं गाठोडं उचल," बुवा म्हणाले.

किनाऱ्यावर मासे विकणाऱ्या बायका होड्यांची वाट पाहत बसल्या होत्या. बुवांनी सुटी चित्रे वाळूवर पालथी पसरली आणि म्हाताऱ्या रुक्माला म्हणाले, "उचल गो एक." तिने उचललेले चित्र कथेच्या पार मधले निघाले. बुवांनी तिथूनच सुरुवात केली. पुढचे चित्र दुसरीने उचलले. कथेतली नावाड्याची बायको आत्ता म्हातारी, तर घटकेत नवी नवरी. हे काय चालले आहे, ते शिष्याला उमगेना. इतक्यात होड्या लागल्याची हाक आली. बायका टोपल्या घेऊन उठल्या आणि बुवा निवांतपणे चित्रे आवरू लागले.

"अहो बुवा, कथा अर्धीच राहिली."

"कुणाची? जा, रुक्माला विचार."

शिष्य रुक्माकाकींमागे धावला. त्या चालता चालता म्हणाल्या, "वादळात त्या नावाड्याच्या बायकोन दिवो आधी शेजारणीच्या दारात ठेवलो, मगे आपल्या. माझो झील, पोरगो माझो, पण दर्यात असता. माका तेवढा पुरे झाला."

तो परतला, तेव्हा बुवा गाठ मारत होते. "ही चित्रं माझ्या आज्यापासून सुटी आहेत. ऐकणारी कधी येईल, कधी उठेल, ते दर्याच्या हाती. म्हणून प्रत्येक चित्र पहिलंही असावं लागतं आणि शेवटचंही. तू वाटा पुष्कळ केल्यास, पण शिदोरी सगळी शेवटच्या मुक्कामावर ठेवलीस. वाटसरू उपाशीपोटी किती चालेल?"

शिष्य ओशाळला. कथा त्याने पुसली नाही. मधलेच एखादे पान उघडायचे, इथेच कुणी उठले तर त्याच्या पदरात काय पडेल ते पाहायचे, असे करत बरीच पाने त्याने नव्याने लिहिली.

मग एके दिवशी तो किनाऱ्यावर रुक्माकाकींपुढे मोबाईल धरून बसला. "कुठल्याही शब्दावर बोट ठेवा, काकी, मी वाचतो," तो म्हणाला. "आणि होड्या लागल्या की खुशाल उठा."