ठणठणीत वस्ताद

एका गावात एक दवाखाना होता आणि त्या दवाखान्याची एक रीत होती. आत गर्दी नको म्हणून भेटायला आलेल्यांना दारातच थांबवत. रोज सकाळी दारवान गणोजी ओट्यावर चढून एकेका रोग्याची तब्येत मोठ्याने सांगे. ज्याची तब्येत नाजूक, त्याच्याच माणसांना आत सोडत. बाकीचे ऐकून घरी जात. रोग्याने सांगितले असेल तेवढेच गणोजी बोले, पदरचा एक शब्द घालत नसे.

त्या दवाखान्यात म्हाकू वस्ताद येऊन पडला. जन्मभर तालमीत पोरांना कुस्ती शिकवत आलेला गडी, आता त्याचे पाय हलेनात. बायको-पोरे नव्हती. होता तो एक धाकटा भाऊ, सिदू. तो मेंढरे राखी. बारा वर्षांपूर्वी वस्तादाने त्याला चारचौघांत हिणवले होते, तेव्हापासून दोघांचे बोलणे बंद होते. आता सिदूने एकदा येऊन जवळ बसावे, एवढेच वस्तादाला वाटत होते. पण तसे म्हणायचे कसे?

पहिल्या सकाळी गणोजीने विचारले, "वस्ताद, काय सांगू?"

"सांग, ठणठणीत हाय. चार दिसांत आखाड्यात उतरतो म्हणावं."

"वैद्यबुवा तर निराळंच म्हणत्यात."

"म्हणू देत. मला लुळा म्हणून बघायला कुणी यायला नको."

गणोजीने तसेच सांगितले. दाराशी जमलेले तालमीतले पठ्ठे खूश होऊन पांगले. वस्तादालाही बरे वाटले, घटकाभर. मग दिवस सरता सरेना. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला त्याची सून पेज भरवी, तेव्हा वस्ताद भिंतीकडे तोंड करून पडे. तरी रोज सकाळी तो गणोजीला तेच सांगे. हळूहळू दाराशी चौकशी करणारेही येईनासे झाले. ठणठणीत माणसाची चौकशी कोण करतो? पठ्ठ्यांचे सोडा, पण सख्ख्या भावालाही पाझर फुटू नये, म्हणून वस्ताद मनात सिदूवरच चिडे. असा हा आडमुठा माणूस!

महिन्याने त्याचा धीर सुटला.

"गणोजी, आज खरं सांग. पाय गेले म्हणावं. एकटा पडलोय म्हणावं. आन् माझ्या भावाला, सिदूला, बोलावलंय म्हणावं."

गणोजी जागचा हलला नाही. "लाल पटका, खांद्यावर घोंगडं, त्योच का?"

"त्योच. तुला कसं ठावं?"

"पयले आठ दिस रोज यायचा. मागं उभा राहून ऐकायचा. मला म्हणाला, 'मेंढरं कोकणात न्यायचा वखत झालाय, पर दादासाठी थांबलोय.' नवव्या दिशी म्हणाला, 'ठणठणीत हाय ना? मग निघतो.'"

"आरं, मग त्याला खरं का नाही सांगितलंस?"

"तुमी सांगाल तेवढंच बोलायची रीत हाय, वस्ताद."

त्या दिवशी गणोजीने खरे सांगितले. पठ्ठे धावत आले. कुणी पेज आणली, कुणी पाय चेपले. त्यांतले दोघे सिदूला गाठायला घाटापर्यंत पळत गेले, पण मेंढरे केव्हाच खाली उतरली होती आणि कोकणातल्या कुठल्या रानात होती ते कुणाला ठाऊक नव्हते. वस्तादाने पेज घेतली, तो सगळ्यांशी गोड बोलला. पण त्याची नजर दारावरून हलेना. मेंढरे परतायला सहा महिने होते. वैद्यबुवांनी इतक्या दिवसांची खात्री दिली नव्हती.

तात्पर्य: अभिमानापायी आपले दुखणे लपवले, तर मायेची माणसेही निश्चिंत होऊन दारातूनच माघारी जातात, म्हणून आपल्या माणसांना आपली अवस्था खरी सांगावी, आणि वेळेवर सांगावी.